मुलांच्या चालीनें

दीपावलीची अथवा नाताळची सुटी संपून शाळेचीं दारें पुन्हां उघडलीं म्हणजे खालच्या इयत्तांस निबंधाचा पहिला विषय कोणता दिला जातो, हें वाचकांस सांगावयास नको. "मी सुटी कशी घालविली" हा विषय आम्ही वर्षानुवर्षें देत आलों, वह्या तपाशीत आलों, आणि अशुद्ध शब्दांखालीं तांबड्या रेघा ओढून त्या परत करीत आलों. त्या वह्यांत शुद्धलेखनापलीकडे पाहण्यासारखें कांहीं असेल, असें आमच्या मनांत फारसें आलें नव्हतें.

एके वर्षीं सहावीच्या एका मुलाच्या वहींत महाबळेश्वरच्या सहलीचें वर्णन वाचावयास मिळालें. अक्षर वळणदार, वाक्यें नीटनेटकीं. परंतु महाबळेश्वरीं पोहोंचल्यावर हा मुलगा समुद्राच्या कांठीं शिंपले वेंचूं लागला! महाबळेश्वर हें समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंचीवरील डोंगरी ठिकाण. आम्हीं त्यास मधल्या सुटींत बोलावून घेतलें आणि थोडें हंसून विचारलें, "अरे, तेथें समुद्र कोठून आणलास?" त्यानें मान खालीं घातली. मग हळूहळू कळलें कीं, त्याच्या वडिलांस रात्रपाळी असल्यामुळें सुटींत त्याच्या घरचीं माणसें कोठेंच गेलीं नव्हतीं. वर्गांतील इतर मुलांनीं गांवांचीं नांवें लिहिलेलीं पाहून त्यानेंही एक लिहिलें होतें.

"मग घरीं काय केलेंस?" असें आम्हीं विचारतांच त्याचा चेहरा पालटला. चाळीच्या मागें त्यानें आणि त्याच्या चार वर्षांच्या बहिणीनें किल्ला केला होता. माती कोठून आणली, गोणपाट कोणीं दिलें, अळीव पेरल्यावर बहिणीनें तांब्यावर तांबे पाणी ओतून बुरूज तीनदां कसा ढांसळविला, आणि सकाळीं पाळीवरून आलेल्या वडिलांनीं निजण्यापूर्वीं अर्धा तास उकिडवें बसून बुरजाखालीं कौलाचे तुकडे कसे बसवून दिले, हें सारें तो एका दमांत सांगूं लागला. "हेंच कां नाहीं लिहिलेंस?" या आमच्या प्रश्नास त्यानें उत्तर दिलें, "सर, ती सहल थोडीच होती?"

त्या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों. चूक केवळ त्याच्या वहींत नव्हती; ती आमच्या प्रश्नांत होती. प्रश्न विचारतांना आमचा सूरच असा होता कीं, जो दूर गेला त्यालाच सांगण्यासारखें कांहीं आहे, आणि जो घरीं राहिला त्याची सुटी फुकट गेली.

हल्लीं सुटीचें मोजमाप किलोमीटरांनीं, रुपयांनीं आणि मोबाइलवर काढिलेल्या छायाचित्रांच्या संख्येनें होऊं लागलें आहे. आईबाप काटकसर करून पैसा साठवितात, प्रयासानें रजा मिळवितात, आणि मुलांस आनंद व्हावा या सद्धेतूनेंच हा सारा खटाटोप करितात, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्यांचा हेतु वंद्य आहे. मोजमाप मात्र चुकीचें आहे, असें आमचें नम्र मत आहे. लहान मुलाची सुटी दोनच मापांनीं मोजावी: वडील माणसें त्याच्याबरोबर किती सावकाश चाललीं, आणि सणाचें किती काम त्याच्या हातीं आलें.

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वीं स्वतःचा अपराध सांगणें बरें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं परगांवाहून आप्त आले. त्यांच्याबरोबर चार वर्षांची मुलगी होती. मुंबई दाखविण्याच्या उत्साहांत आम्हीं एकाच दिवसाचा बेत असा आंखिला: सकाळीं भायखळ्याची राणीची बाग, जी १८६२ सालीं लोकांस खुली झाली, तिच्याच आवारांतील वस्तुसंग्रहालय, जें १८७२ सालापासून तेथें उभें आहे, दुपारीं गेटवे ऑफ इंडिया, तेथून मलबार हिलवरील म्हातारीचा बूट, आणि संध्याकाळीं चौपाटी. सालें आणि नांवें आम्हांस तोंडपाठ होतीं, आणि तीं सांगण्याची हौसही होती.

बागेंत शिरल्यावर पांच मिनिटांत ती मुलगी एका झाडाच्या बुंध्याशीं बसली. मुंग्यांची एक रांग फुलपांखराचा पंख ओढून नेत होती. वाटेंत काडी आडवी आली म्हणजे पंख उभा राही, आणि पुन्हां आडवा होऊन पुढें सरके. "चल, चल, पुढें वाघ आहे," असें म्हणून आम्हीं हात धरून तिला उठविलें. संग्रहालयांत तिनें वारंवार ऐकलेलें वाक्य म्हणजे "हात लावूं नकोस." गेटवेपाशीं ती खांद्यावर निजली होती, छायाचित्रासाठीं तिला जागें केलें, तेव्हां ती रडूं लागली, आणि तें रडकें छायाचित्रच आज आमच्यापाशीं आहे. म्हातारीच्या बुटांत ती एकदां चढली ती उतरावयास तयार होईना. पण चौपाटीची वेळ टळत होती. दुसरे दिवशीं तिच्या आजीनें दूरध्वनीवर विचारलें, "बाळे, मुंबईंत काय काय पाहिलेंस?" ती म्हणाली, "मुंग्यांनीं पंख नेला." "कोठें नेला?" "तें मला पाहूं नाहीं दिलें." त्या वेळीं आम्ही सर्व हंसलों. आतां तें आठवलें म्हणजे हंसूं येत नाहीं.

पवित्र शास्त्रांतील उत्पत्तीच्या पुस्तकांत एक लहानसा प्रसंग आहे. याकोब वीस वर्षांनीं स्वदेशीं परत येत असतां त्याचा भाऊ एसाव चारशें माणसें घेऊन त्यास सामोरा येतो. जुनें वैर विसरून दोघे भाऊ गळ्यांत गळा घालून रडतात. आणि मग, आतां आपण मिळून पुढें जाऊं, असा एसाव आग्रह करितो. याकोब नम्रपणें नकार देतो. बरोबर कोंवळीं मुलें आहेत, पान्हवलेलीं जनावरें आहेत. एका दिवसाच्या घाईनें त्यांची हानि होईल. म्हणून भावानें पुढें व्हावें आणि आपण मुलांच्या चालीनें मागून यावें, असें त्याचें म्हणणें. चारशें माणसांच्या तांड्याचा वेग त्यानें पत्करला नाहीं. आपल्या काफिल्याचा वेग त्यानें सर्वांत लहान पावलावरून ठरविला. सहलीस निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें उंबरठा ओलांडतांना ही गोष्ट आठवावी.

जें त्या मेंढपाळ पित्यास अनुभवानें ठाऊक होतें, तेंच पुढें बालशिक्षणाच्या आचार्यांनीं निरीक्षणानें सिद्ध केलें. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत आपलें पहिलें बालगृह उघडिलें. १९३९ सालीं त्या भारतांत आल्या आणि महायुद्धाच्या काळांत येथेंच राहून त्यांनीं पुष्कळ शिक्षक तयार केले. मुलाच्या चालण्याविषयीं त्यांनीं मोठें मार्मिक विवेचन केलें आहे. मोठा माणूस कोठें तरी पोहोंचण्यासाठीं चालतो. लहान मूल चालण्यासाठींच चालतें. थांबत, पाहत, वांकत चालूं दिल्यास दोन वर्षांचें मूलही बरेंच अंतर तोडतें. त्यास थकवा येतो तो आपल्या वेगानें फरफटत नेल्यामुळें. आमच्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें जें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, त्याचें मर्मही हेंच होतें. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेनें त्याच्या अंगणांत जावें, असें त्या समजत. मुलास आपल्या जागीं ओढून आणण्यापूर्वीं मुलाच्या जागीं आपण जावें, हा धडा केवळ शिक्षकांसाठीं नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, चार वर्षांच्या मुलास पुढें हें कांहीं आठवणारच नाहीं. मग सावकाश काय आणि घाईनें काय! हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. मोठेपणीं माणसास पहिल्या तीन वर्षांतील गोष्टी बहुधा आठवत नाहींत, असें मानसशास्त्रज्ञही सांगतात. परंतु यावरून निघणारें अनुमान उलट आहे. मूल जर स्थळ विसरणार असेल, तर स्थळासाठींच एवढी धांवपळ कशास? उरतें तें निराळेंच. आपण हांक मारली म्हणजे मोठीं माणसें थांबतात, आपण बोट दाखविलें म्हणजे तीं वांकून पाहतात, हा विश्वास उरतो. तो कोणत्या दिवशीं बसला हें कोणासही सांगतां येत नाहीं. पण तो बसला कीं नाहीं, हें पुढें जन्मभर दिसतें.

जी गोष्ट सहलीची तीच सणाची. सण मुलांस नुसता दाखवूं नये. तो मुलांच्या हातीं द्यावा. आज बाजारांत तयार किल्ला मिळतो, तयार कंदील मिळतो, तयार फराळ मिळतो, आणि नाताळांत तयार गोठाही मिळतो. मोठ्यांस वेळ नसतो हें खरें, आणि तयार वस्तु अधिक सुबक असते हेंही खरें. पण तिच्यांत मुलास करण्यासारखें काय उरतें? दुरून पाहणें आणि हात न लावणें!

आमच्या शाळेंत अनेक धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. त्यामुळें एक सुंदर साम्य आमच्या नजरेस आलें. दिवाळीच्या किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून मुलें अळीव किंवा मोहरी पेरितात. आणि नाताळच्या गोठ्याभोंवतीं हिरवें कुरण दिसावें म्हणून मुंबई-गोव्याकडील कित्येक ख्रिस्ती घरांतून नाचणी किंवा गहूं पेरण्याची चाल आहे. ही पेरणी सणाच्या आधीं कांहीं दिवस करावी लागते. मुठींतून दाणे टाकावयाचे, पाणी शिंपडावयाचें, आणि रोज सकाळीं डोळे चोळीत जाऊन कोंब आला कीं नाहीं तें पाहावयाचें. त्या मुलाचा सण पेरणीच्या दिवशींच सुरू झाला. अळीव दोन-तीन दिवसांत मोड धरितें, म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या धीरासही तें पेलतें. वाट पाहण्याचें हें सुख विकत आणलेल्या दहा खेळण्यांत मिळत नाहीं.

गोठा मांडण्याची चाल ज्यांच्यापासून पसरली असें मानितात, ते आसीसीचे संत फ्रान्सिस. १२२३ सालच्या नाताळांत इटलींतील ग्रेच्चो या डोंगराळ गांवीं त्यांनीं गवताची गव्हाणी मांडिली, खराखुरा बैल व गाढव आणून तेथें उभें केलें, आणि रात्रीं मशाली घेऊन आलेल्या गांवकऱ्यांसमोर ख्रिस्तजन्माचा प्रसंग डोळ्यांनीं पाहतां येईल असा केला. बेथलेहेमची यात्रा त्या गरीब लोकांच्या आटोक्यांतली नव्हती. म्हणून बेथलेहेम त्यांच्या दारीं आलें. ज्या घरास सुटींत कोठेंही जाणें परवडत नाहीं, त्या घरास यांत केवढें आश्वासन आहे!

मुलांस काम कोणतें द्यावें, असें विचाराल तर सणाच्या घरीं कामास तोटा नाहीं. चार वर्षांच्या मुलास शंकरपाळ्यांवर कातण फिरवितां येतें. सहा वर्षांच्यास कुलकुलाची गोळी कांट्याच्या किंवा नव्या कंगव्याच्या दांत्यांवर दाबून वळवितां येते. आठ वर्षांच्यास आकाशकंदिलाच्या कामट्यांस खळ लावितां येते. शंकरपाळे वांकडे होतील, कागद फाटेल, पीठ जमिनीवर सांडेल. सांडूं द्यावें. ईदेच्या दिवशीं शीरखुर्म्याची वाटी शेजारीं पोहोंचविणें, दिवाळीचें किंवा नाताळचें ताट रुमालानें झांकून समोरच्या बिऱ्हाडीं नेणें, हेंही लहान पायांचेंच काम आहे. आणि तीं मुलें तें जितक्या मानानें करितात, तितक्या मानानें मोठीं माणसें करीत नाहींत.

यावर, वेळ कोठून आणावा, असें पुष्कळ आईबाप विचारतील. आणि तो प्रश्न खोटा नाहीं. दोघेंही नोकरीस जाणारीं, जाण्यायेण्यांत रोज दोन-तीन तास लोकलमध्यें उभीं राहणारीं माणसें आम्ही पाहतों. त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु वर सांगितलेल्या मुलाच्या वडिलांनीं सबंध सुटींत अर्धा तासच दिला होता, तोही रात्रभर जागून आल्यावर. आणि कौलाचे ते तुकडे त्या मुलाच्या बोलण्यांत सर्वांत शेवटीं व सर्वांत मोठ्या आवाजांत आले. वेळ थोडा असला तरी चालतो. तो अर्धा देऊं नये. मुलाजवळ बसून डोळे मोबाइलकडे लावणें म्हणजे तो वेळ देऊन परत घेणें होय.

आतां घरांतील एका व्यक्तीविषयीं लिहिणें अवश्य आहे, जिच्या सुटीचा विचार बहुधा कोणीच करीत नाहीं. सणाच्या दिवशीं पहाटेपासून जी स्वयंपाकघरांत उभी असते, आणि सहलीच्या दिवशीं पाण्याच्या बाटल्या, दशम्या, औषध व बदलण्याचे कपडे हें सारें जिच्या खांद्यावर असतें, ती माउली संध्याकाळीं थकून मुलावर ओरडली म्हणजे आपण तिलाच म्हणतों, "आजच्या दिवशीं तरी ओरडूं नकोस." वडिलांनीं ती पिशवी आपल्या खांद्यावर घ्यावी, धाकट्यास आपल्या हातानें जेवूं घालावें, आणि आईस झाडाखालीं अर्धा तास कांहींही न करितां बसूं द्यावें. सहलीचा निम्मा आनंद एवढ्यानेंच वाढेल.

आम्ही प्रवासाच्या विरुद्ध आहों असें मात्र कोणीं समजूं नये. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींनीं गड चढावे, लेणीं पाहावीं, इतिहास जेथें घडला तेथें उभें राहून तो ऐकावा. त्याविना शिक्षण पुरें होत नाहीं. लहानांसही अवश्य घेऊन जावें. पण एका दिवसास स्थळ एकच निवडावें, आणि शक्य तर असें कीं, जेथें वाट हीच गंमत आहे. नेरळहून माथेरानास जाणारी अरुंद रुळांची आगगाडी १९०७ सालीं सुरू झाली. ती इतक्या संथपणें आणि इतकीं वळणें घेत चढते कीं, मोठीं माणसें घड्याळ पाहतात आणि मुलें खिडकी सोडीत नाहींत. रेल्वे पांच वर्षांखालील मुलाचें भाडें घेत नाहीं. परंतु त्याच्या झोंपेची व भुकेची वेळ मोडली तर तें मूल आपलें भाडें आपल्याकडून पुरतें वसूल करितें, हेंही ध्यानांत ठेवावें. वांद्र्याच्या माउंट मेरीची सप्टेंबरांतील जत्रा असो कीं गणपतीचें विसर्जन असो, गर्दीच्या ठिकाणीं मुलाच्या खिशांत घरचें नांव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी; आणि संकटांत सांपडलेल्या मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा क्रमांक आहे, हें घरांतील प्रत्येकास पाठ असावें.

विद्यार्थिमित्रहो, हा लेख तुमच्या आईबापांसाठींच आहे असें समजून पान उलटूं नका. घरांतील धाकट्या भावंडास तुमच्यासारखा सोबती दुसरा नाहीं. त्याचा हात धरण्याइतके तुम्ही उंच झालां आहां, आणि मुंग्या पाहण्यासाठीं वांकण्यास अजून लाजत नाहीं. पुढच्या सुटींत एक सकाळ त्यास द्या. कोणतेंही ठिकाण न ठरवितां त्याच्या मागोमाग चाला. तें थांबेल तेथें थांबा, तें विचारील त्याचें उत्तर द्या, आणि उत्तर येत नसेल तर दोघें मिळून शोधा. गल्लीच्या टोंकापर्यंत जावयास एक तास लागला, तरी लागूं द्या. घरीं आल्यावर त्यानें तुम्हांस काय काय दाखविलें तें लिहून ठेवा. कारण तें स्वतः विसरणार आहे, आणि मोठेपणीं तें तुम्हांसच विचारावयास येईल.

आमच्याविषयीं म्हणाल, तर आम्हीं निबंधाचा विषय बदलला आहे. आतां सुटीनंतर फळ्यावर आम्ही असें लिहितों: "सुटींत मी कोणाबरोबर काय केलें." त्या वर्षापासून आमच्या वह्यांतील महाबळेश्वरास समुद्र आलेला नाहीं. त्या मुलानेंही आपला निबंध पुन्हां लिहून आणला. त्यांत बुरूज तीनदां ढांसळला, तांब्यावर तांबे पाणी सांडलें, आणि रात्रपाळीहून आलेले वडील उकिडवे बसले. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. त्या आम्हीं दाखविल्या, कारण तें आमचें कर्तव्य आहे. परंतु खालीं शेरा मात्र असा लिहिला कीं, सहल फार चांगली झाली.